अण्णांनी बेलभंडार उचलला तेव्हा

आमच्या घरात भांडण व्हायचं ते मिठावरून. दुसऱ्यांच्या घरी बांधावरून, नाहीतर सासूच्या बोलण्यावरून वादावादी चालायची. आमच्याकडं माय ताटात भाजी वाढायची आणि अण्णा पहिला घास तोंडात घेऊन डोळे मिटायचे. ते डोळे उघडेपर्यंत घरातलं कुणी बोलत नसे. मग निकाल लागायचा. जिरं करपलंय. शेंगदाण्याला खवट वास आहे, डब्याच्या तळाचे जुने राहिले असतील ते बघ. माय तणतणत डबा पालथा करायची आणि तळाला जुने दाणे खरंच निघायचे. तिला त्याचाच राग जास्त यायचा. अख्ख्या गावाला जेवू घालणाऱ्या माणसानं घरच्या चार भाकरींना नावं ठेवू नयेत, असं तिचं म्हणणं होतं. माझे वडील रंगनाथ हे लग्नाचे आचारी. आमचं गाव वाटूरच्या अलीकडं, आणि तिथून परतूर, तीर्थपुरी, कधी थेट जाफराबादपर्यंत कुणाच्याही घरी लग्न निघालं की आधी अण्णांची तारीख धरायचे आणि मग ब्राह्मणाला मुहूर्त विचारायचे, असं लोक गमतीनं म्हणत.

लग्नसराईत आमचं घर रिकामं असायचं आणि तरी घराला वास असायचा. अण्णांच्या सदऱ्याला, पटक्याला, अंथरुणालासुद्धा तुपाचा, धुराचा आणि भाजलेल्या येसराचा वास. येसर म्हणजे बाजरी, गहू, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. त्याच्या आमटीशिवाय आमच्याकडं लग्न लागलं असं कुणी मानत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत अण्णा मला बरोबर न्यायचे. मी थोरली, माझ्यामागं दिगू, तो तेव्हा अजून मायच्या कडेवर. मांडवामागं जमिनीत लांब चर खणून चुलवण केलेलं असायचं, त्यावर ओळीनं कढया, आणि अण्णा बुंदी पाडायला बसले की झाऱ्याचा आवाज सुरू व्हायचा. झारा कढईच्या काठावर आपटला की खाली बुंदी पडते. टण, टण, टण. त्या तालात जरा फरक पडला की दाणा लांबट होतो. माझं काम चव बघायचं. अण्णा डाव भरून पुढं करायचे आणि विचारायचे, मीठ बराबर हाय का? मला काय कळत होतं. मी बराबर म्हणायची आणि ते अशा गंभीरपणे मान हलवायचे, जसं काही माझ्या होकाराशिवाय पंगत बसणारच नव्हती. मला त्या मानेचा केवढा अभिमान वाटायचा.

आचाऱ्याचा एक मान होता आणि त्या मानानंच आमचा घात केला. चुलवण पेटवायच्या आधी वधूपित्यानं नारळ, सुपारी आणि एक बाटली आचाऱ्यापुढं ठेवायची, अशी आमच्या भागात रीत. बाटली नसली तर आचारी काडी ओढत नसे. रात्रभर आगीशी बसायचं काम, तेव्हा ती दिली पाहिजे असं देणाऱ्यालाही वाटायचं. अण्णा आधी ती बाटली हाताखालच्या माणसांना देऊन टाकायचे, असं माय सांगायची. मग घोटभर घेऊ लागले, मग अर्धी, आणि मला समजू लागलं तेव्हा बाटली लग्नाची वाट बघत नव्हती. पावसाळ्यात लग्नं नसायची आणि अण्णा हातभट्टीकडं जायचे. त्यांनी आम्हाला कधी मारलं नाही. दारुड्या बापाच्या गोष्टीत मारहाण असतेच असं लोकांना वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगते. ते पिऊन आले की चुलीपुढं बसून रडायचे, आणि मग स्वतःच कणीक मळून आम्हाला आयत्या वेळी काहीतरी करून घालायचे. तितकं चवदार मी पुन्हा कधी खाल्लं नाही, आणि मायला ते घशाखाली उतरायचं नाही.

मायनं जे उपाय ऐकले ते सगळे केले. माळ घालून पाहिली. ती अण्णांनी आपणहून खुंटीला अडकवली, गळ्यात ठेवून पिणं बरं नव्हे म्हणाले. परतूरच्या एका डॉक्टरनं सलाईन लावलं, तिथून ते ताजेतवाने होऊन आले आणि दुप्पट प्याले. शेवटी तीर्थपुरीच्या बाजारात एका वैदूकडून तिनं राखाडी भुकटीच्या पुड्या आणल्या. नवऱ्याला न सांगता जेवणात घालायची, दारूचा तिटकारा येतो, असं त्यानं सांगितलं होतं. आता ज्याची जीभ डब्याच्या तळाचे दाणे ओळखते त्याच्या आमटीत ही बाई भुकटी मिसळणार! मी आणि माय त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो. अण्णांनी घास घेतला, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले. मग उघडले आणि मुकाट्यानं सगळी वाटी संपवली. असं चार-पाच दिवस चाललं. एक दिवस ताटावरून उठता उठता ते मायला हळूच म्हणाले, “आमटीत नको टाकत जाऊ. वांग्यात टाक. वांग्यात कडू दबतं.”

माय तिथंच बसून राहिली. तिला लाज वाटली की रडू आलं, कुणास ठाऊक. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की सुटावी असं अण्णांनाही वाटत होतं. त्यांच्यावर उपाय करणाऱ्यांत तेही होते. भुकटीचा काहीच गुण आला नाही, पण वांग्याची भाजी आमच्याकडं महिनाभर होत राहिली.

मग ते जाफराबादकडचं लग्न आलं. सकाळची वेळ होती, अण्णांनी त्या दिवशी अजून काही घेतलेलं नव्हतं, म्हणून हात कापत होता. झाऱ्याचा ताल चुकत होता हे मी दुरून ऐकत होते. चवीसाठी म्हणून मी जवळ गेले, आणि त्यांच्या हातून उकळत्या तेलानं भरलेला डाव निसटला. तेल माझ्या पायाशेजारी मातीत पडलं. चर्र आवाज झाला, माती काळी पडली, माझ्या परकराच्या काठाला भोकं पडली, आणि मला काही म्हणजे काही झालं नाही. अण्णांनी ती काळी माती पाहिली. बुंदी दुसऱ्याकडं सोपवून ते मांडवामागं जाऊन उलटी करून आले, आणि परतीच्या एसटीत माझा पाय मांडीवर घेऊन बसले. लोक बघत होते, मला लाज वाटत होती, पण त्यांनी पाय सोडला नाही. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मायला म्हणाले, की या खेपेला मी बेलभंडार उचलतो.

आमच्या गावात दारू सोडायची एक पद्धत होती. ती आणखी कुठं होती की नाही मला माहीत नाही. श्रावणातल्या एका सोमवारी महादेवाच्या देवळात ज्याला सोडायची त्यानं उजव्या हातात बेल आणि भंडारा उचलायचा, इथपर्यंत ते सगळीकडचं. पण आमच्या गावच्या पाटलाला नुसत्या देवाच्या शपथेवर भरवसा नव्हता. देवाला लोक गुंडाळतात, असं तो म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यानं ठरवलं की डावा हात स्वतःच्या थोरल्या लेकराच्या डोक्यावर ठेवायचा. शपथ मोडली तर त्या लेकराचं काय व्हायचं ते होईल. पहिली दोन-तीन वर्षं लोकांनी शपथा घेतल्या, मोडल्या, लेकरं खेळत राहिली, आणि आम्ही पोरं एकमेकांना चिडवत असू, तुझा बाप काल पिला, आता तू मरतो. मग आदल्या वर्षी तुकाराम नावाच्या माणसानं पोळ्याला शपथ मोडली, आणि चार दिवसांत त्याच्या थोरल्या पोराला पान लागलं आणि ते गेलं. आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. वैरणीच्या गंजीजवळ नागडं-उघडं खेळणारं पोर, त्याला साप चावायला शपथेची गरज नव्हती. पण हे मी आज म्हणते. तेव्हा सगळ्या गावाचा एकच समज झाला, माझाही, आणि त्या पोराची आई गावात फिरायची तेव्हा बायका आपापली लेकरं पदराखाली घ्यायच्या.

अण्णांचा नंबर आला तेव्हा मी त्यांच्यापुढं उभी राहिले. न्हाऊन, वेणी घालून, नवा परकर नेसून. त्यांचा हात डोक्यावर आला. तो जड होता, कोमट होता, आणि थरथरत होता. माझी वेणीसुद्धा त्याबरोबर हलत होती. त्यांनी पाटलामागून शब्द म्हटले. शेवटचा शब्द म्हणताना त्यांनी हात इतका दाबला की माझे गुडघे वाकले. बाहेर आल्यावर मायनं माझी दृष्ट काढली. अण्णा सरळ घरी चालत आले, वाटेत भट्टीची गल्ली लागली तरी मान वळवली नाही. मी त्यांच्या पुढं-पुढं उड्या मारत चालले होते. माझ्या डोक्यात एवढं सामर्थ्य आहे याचा मला आनंद झाला होता, हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो.

पहिला दिवस ते नुसते पडून राहिले. दुसऱ्या दिवशी घामानं गोधडी भिजली, हात इतके कापू लागले की पाण्याचा तांब्या मायला धरावा लागला. माय खुशीत होती. विष निघून राह्यलंय, असं ती शेजारणींना सांगत होती आणि शेजारणी मान हलवत होत्या. कुणालाच काही वेगळं माहीत नव्हतं. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली तर शरीर उलटं फिरतं, जिवावर बेततं, हे गावात पाटलापासून पुजाऱ्यापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. बाकीचे शपथ घेणारे दोन दिवसांत चोरून पीत होते म्हणून वाचत होते. अण्णा चोरून पीत नव्हते, कारण त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दिगूला झोपवत होते आणि ओसरीवरून आवाज आला. अण्णा उठून बसले होते. समोर काही नव्हतं, आणि ते झारा आपटत होते. हातात झारा नाही, काठ नाही, पण हात त्याच तालात वर-खाली होत होता आणि तोंडानं टण, टण करत होते. मग त्यांनी हाक मारली, लाकडं वढा, जाळ लई झाला. पीठ झाका, मुंग्या चढून राह्यल्या. अंगावरच्या, भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागले. एकही मुंगी नव्हती. नजर माझ्यावर पडली तशी चेहरा एकदम निवळला, अगदी मांडवातल्यासारखा. त्यांनी हवेत डाव बुडवला, फुंकर घातली आणि माझ्यापुढं धरला.

“शके, बघ गं चव. मीठ बराबर हाय का?”

मी तोंड पुढं केलं. रिकाम्या हवेचा घोट घेतला. बराबर हाय अण्णा, म्हटलं. त्यांनी मान हलवली, तशीच, गंभीरपणे, आणि कुणाला तरी सांगितलं की पंगत बसवा, लोक केव्हाचे ताटकळलेत.

तोवर घर भरलं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं लग्नघरातून काहीतरी मागं लागून आलं. लिंबाचा डहाळा आणला, धुपाटणं फिरवलं, अण्णा त्या धुरातच भाजी हलवत राहिले. कोंडाबाई म्हणून आमच्या आळीत एक म्हातारी होती, बाळंतपणं करायची आणि स्वतःही घ्यायची, त्यामुळं तिच्या बोलण्याला अर्धाच मान. ती पुढं झाली आणि मायला म्हणाली की हे बाहेरचं न्हाई, आंग दारू मागून राह्यलंय; दोन घोट पाजा, सांजच्याला शांत व्हईल, मंग हळूहळू तोडा. तिनं पदराआड आणलेला गिलास मायच्या हातात दिला.

माय गिलास घेऊन अण्णांपाशी गेली. अर्धी वाकली. आणि मग थांबली आणि तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. दारात बायका उभ्या होत्या, त्यांत ती तुकारामाची बायकोही होती, पोर गेलेली.  तिनं फक्त मायच्या हातातल्या गिलासाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. मला सगळं कळलं होतं. मला कुणी लहान समजून बाजूला नेलं नव्हतं. हा गिलास अण्णांच्या तोंडाला लागला तर अण्णा राहतील आणि मी जाईन, नाही लागला तर मी राहीन, इतकं ते सरळ होतं. मी मायला काही म्हणाले नाही. पाज म्हणाले नाही आणि नको पण म्हणाले नाही. मायनं गिलास चुलीत ओतला. राख फसफसली आणि घरभर तो वास पसरला, आणि अण्णांनी भाजी हलवता हलवता मान वर करून विचारलं, “कोण करपवलं?”

त्यानंतर त्यांची दातखीळ बसली, अंग ताठ झालं. बैलगाडीत घालून वाटूर फाट्यापर्यंत आणलं, तिथून जीप करून जालन्याला निघालो. माझ्या मांडीवर त्यांचे पाय होते. रस्ता खराब, ऊन असं की पत्रा पोळत होता. जालना दिसू लागण्याच्या आत पायांचं हलणं थांबलं. मी ते कुणाला सांगितलं नाही. गाडी चाललीच होती, माय त्यांच्या तोंडावर पदरानं वारा घालत होती, आणि मला वाटलं ती घालतेय तोवर घालू दे.

गावानं त्या मरणाचं काय केलं ते सांगायला हवं. वर्षभरातच गोष्ट तयार झाली, की रंगनाथ आचाऱ्यापुढं दारूचा गिलास धरला, आणि त्यानं मरता मरता तो हातानं लोटून दिला. ज्यांनी मायला ओतताना पाहिलं होतं तेच लोक हे सांगायचे. मायवर कुणी बोट ठेवू नये म्हणून त्यांनी तसं केलं असावं, गाव इतकंही वाईट नसतं. दर श्रावणात पाटील देवळात सांगायचा, माणूस असावा तर असा, मेला पण शब्द मोडला न्हाई. आणि मायला पुढच्या रांगेत बसवायचे. ती मान ताठ ठेवून ऐकायची. मी खांबाआड बसायची. आणखी काही जणांनी त्या गोष्टीच्या भरात शपथा घेतल्या. त्यातल्या किती जणांना तिसऱ्या दिवशी मुंग्या दिसल्या असतील, हा विचार मला पुढं फार छळू लागला.

घरी माय मला जपू लागली. हे जपणं प्रेमाचं होतं, पण त्यात दुसरंही काही होतं. मी विहिरीवर जायचं नाही, झाडावर चढायचं नाही, साधं शिंकलं तरी तिचा चेहरा पांढरा व्हायचा. घरातलं चांगलं ते आधी माझ्या ताटात पडायचं. तिनं एवढं मोठं देऊन मला ठेवलं होतं, तेव्हा मी राहिलंच पाहिजे होतं. तिनं मला शिकवलं, मास्तरीण केलं. पण ती माझ्याकडं जेव्हा एकटक बघायची तेव्हा मला वाटायचं, ती तोलून बघतेय. एकदाही ती तसं बोलली नाही. आणि ऐन दुपारी गल्ली सामसूम झाली की मला झाऱ्याचा आवाज यायचा. तो अजूनही येतो. शाळेत वर्गात शिकवताना यायचा, तेव्हा मी खडू थांबवायची आणि पोरांना वाटायचं बाई चिडल्या.

दिगूनं अण्णांना पाहिलेलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल, आणि वारसा त्यानंच उचलला. तो जाफराबादला जीप चालवायचा, मिळतील तेवढे प्रवासी भरून नेणारी, वडाप. आता कुणाला लग्नातल्या बाटलीची वाट बघावी लागत नव्हती. रस्त्यावर प्रत्येक ढाब्याच्या मागं खाटा टाकलेल्या, मिसरूड न फुटलेली पोरं सकाळीच तिथं बसलेली. ज्यांचे बाप आडोसा शोधायचे ती आता मोटारसायकल दारातच लावायची. काही गावांत बायका दारूबंदीसाठी, बाटली आडवी करायला मतदान मागत होत्या. आणि माझा भाऊ सकाळी हात स्थिर व्हावा म्हणून पिऊन गाडीवर बसत होता. त्याची बायको माझ्याकडं येऊन रडली, आणि मी पोहोचायच्या आत मायनं उपाय ठरवला होता. श्रावण जवळ आला होता. दिगूची मुलगी आठ वर्षांची होती.

मी मायवर त्या दिवशी जशी ओरडले तशी आयुष्यात कुणावर ओरडले नाही. म्हटलं, ज्यानं अण्णा गेले तेच तू पुन्हा करणार? माय शांतपणे म्हणाली, तुझा बाप शब्दाला जागला. मी म्हटलं, “शब्दानंच मेले ते माय.” ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “तू जित्ती हाईस न्हवं?”  पण दिगूला मी औरंगाबादला घेऊन गेले. तिथं व्यसनमुक्तीचं एक केंद्र निघालं आहे असं शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून कळलं होतं. माय हट्टानं बरोबर आली. मला वाटतं, तिला बघायचं होतं की शपथेवाचून हे कसं सोडवतात.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. दिगू रोज किती घेतो, कधीपासून, शेवटची कधी, सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की दारू आजपासून बंद, पण पहिले काही दिवस गोळ्या द्यायच्या, रोज थोड्या कमी करत जायच्या, म्हणजे शरीराला धक्का बसत नाही. मी त्यांना बाहेर गाठून अण्णांचं सगळं सांगितलं. मुंग्या, झारा, फेफरं. ते ऐकत होते आणि त्यांना ते ओळखीचं वाटतंय हे मला दिसत होतं. मी विचारलं, की तेव्हा, त्या काळात, ही गोळी होती का? ते म्हणाले, “होती बाई. खूप जुनी गोळी आहे ही. तालुक्याच्या दवाखान्यातसुद्धा मिळाली असती.” मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले. आमच्या घरापासून परतूर एसटीनं किती जवळ.

तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून दिगूच्या खाटेशी बसले. माय पायथ्याशी. आम्ही दोघी काय बघतोय हे एकमेकींना सांगितलं नाही. त्याच्या हातांना थोडा कंप होता. दुपार झाली. बाहेर रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. मी त्याच्या हाताकडं बघत होते, तो वर उठेल, ताल धरेल. सिस्टर आली, गोळी देऊन गेली. तो झोपला. उठला तेव्हा त्याला भूक लागली होती. वरण-भात आला तो खाल्ला, वरणाला चव नाही अशी कुरकुर केली, आणि कूस वळवून पुन्हा झोपला. तिसरा दिवस असा गेला. काही म्हणजे काही झालं नाही. मी तोंडात पदर कोंबून रडायला लागले तेव्हा सिस्टर म्हणाली, अहो ताई, पेशंट चांगला आहे तुमचा, रडता कशाला?

मायनं सिस्टरला थांबवलं आणि ती गोळी दाखव म्हणाली. सिस्टरनं एक काढून तिच्या तळहातावर ठेवली. मायनं ती उन्हाकडं धरून पाहिली, बोटानं फिरवली. हाताच्या भेगेत हरवेल एवढीशी. ती परत देऊन टाकली, सिस्टर गेली, आणि मग मायनं मला जवळ बोलावलं. तिनं मला जे विचारलं ते ती तीन दिवस मनात घेऊन बसली असणार.

“तुझ्या अण्णाच्या टायमाला व्हती का गं ही?”

“न्हवती माय,” मी म्हटलं.

तिला माझा चेहरा लहानपणापासून वाचता यायचा. ती म्हणाली, “माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग.”

मी शिकलेली बाई. मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला देणारी. आणि माझा हात उचलेना. तिनंच तो धरला आणि स्वतःच्या डोक्यावर नेला. केस विरळ झालेले, खालची कातडी कोमट.  मी म्हटलं, “न्हवती. ही गोळी आत्ता निघाली. तवा कुठंच न्हवती.” मायनं डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले, आणि मग म्हणाली की मंग ठीक हाय, मंग दुसरं काय केलं असतं मी. आणि दिगूच्या अंगावरचं पांघरूण नीट करायला उठली.

पुढचे कित्येक महिने मी शेजारच्यांकडं रोज फोन करून विचारायची, माय उठली का, जेवली का. साधा खोकला झाला तरी मी रजा टाकून धावायची. पण मायला काही झालं नाही. दिगू सुटला, मधे एकदा पुन्हा अडकला, पुन्हा सुटला. मायनं त्याच्या मुलीचं लग्न पाहिलं, येसराला नावं ठेवली. माझ्या खोट्या शपथेनंतर ती पुष्कळ वर्षं जगली, आणि ती जितकी जगत गेली तितकं मला रोज नव्यानं कळत गेलं, की त्या दुपारी अण्णांनी दोन घोट घेतले असते तरी मला काही झालं नसतं.